मोकळी पडलेली हाळी

यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, पुण्यातल्या एका रुग्णालयात आईच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. थायरॉईडची गाठ होती, ती काढली. गाठ साधी निघाली. आवाज काही दिवसांनी परत आला, पण पूर्वीचा आला नाही. समोर बसलेल्याला ऐकू येतं. अंगणाच्या पलीकडं जात नाही.

आई निमोण्याला असते, शिरूर तालुक्यात. ते माझं माहेर. सासर दौंडला. मधली नऊ वर्षं मी आणि नवरा मस्कतला होतो. तो बंदरावर नोकरीला, मी तिथल्या एका इंग्रजी दैनिकात बातम्या तपासायच्या कामावर. परत येऊन आता दुसरं वर्ष सरत आलं. बाहेर राहून काय गेलं असं विचारलं, की लोक साधारणपणे सणवार, लग्नं आणि मयती सांगतात. माझी एक हाळी गेली. हरवली नाही. दुसरीला दिली गेली.

बहुतेक रविवारी मी निमोण्याला जाते. घरापुढच्या ओट्यावर बसलं की सगळा उतार दिसतो. अलीकडं कांद्याचे वाफे, मग ओढा, ओढ्यापलीकडं पूर्वीचं मोकळं रान आणि आताचा ऊस. याच ओट्यावर उभी राहून आई हाळी द्यायची. आता ती इथं बसते, गळ्याला पांढरं सुती फडकं गुंडाळून, आणि रानाकडं बघते. मीही बघते. ती काही बोलली तर मला जवळ सरकावं लागतं.

आमचं घर मेंढपाळांचं. आजोबांच्या वेळी दिवाळी झाली की कळप कोकणाच्या वाटेला लागायचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चालणं थांबवलं. विहीर पाडली, बाजरी आणि कांदा केला. थोडी मेंढरं मागं राहिली, जुनी सवय राहते तशी. आई मात्र चालत्या घरातली होती. तिचं लहानपण वाटेवर गेलं, जिथं पुढचं माणूस एका माळावर आणि मागचं दुसऱ्या माळावर असायचं.

"नाव लांब जात न्हाई," ती म्हणायची. "तोंडातनं निघालं की पायापाशी पडतंय. आवाज जातो."

हाळीचं दुसरं कारण साधं होतं. तिला आप्पांचं नाव घेता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासू-सासऱ्यांचं तर नाहीच. घरात 'अहो' चालतं. ओढ्यापलीकडं चालत नाही, तिथं दहा जणींचे अहो काम करत असतात. म्हणून तिनं आप्पांसाठी एक हाळी केली. सपाट, लांब, न चढणारी, न उतरणारी. ओट्यापासून पलीकडच्या बांधापर्यंत दोरी ताणावी तशी. पुढं आम्ही झालो तेव्हा आमच्याही केल्या. धाकटा भाऊ तानाजी, त्याच्या तीन तोकड्या, एकामागून एक खडे मारल्यासारख्या. माझी खालून सुरू व्हायची, चढत जायची, लांबायची, आणि संपली असं वाटलं की शेवटी दोन तुटक तुकडे यायचे. हूऽऽऽऽ, हू हू. लिहून यातलं फारसं काही उरत नाही.

थंडीत हाळी अख्खी यायची. ज्वारी गुडघ्याला, पानांवर दव, चुलीचा धूर घरावरून उठून रानावर आडवा पसरलेला, आणि त्या धुराच्या वरून ती यायची, गार आणि स्वच्छ, जणू कुणी नुकतीच धुऊन काढली आहे. चैत्रात कांदाकाढणीच्या दिवसांत वारा घोड नदीच्या अंगानं सुटायचा आणि हाळी उचलून भलत्याच्याच रानात नेऊन टाकायचा. मग तिकडची बाई ओरडायची, "ए पोरी, तुझी आई बोंबलतीया बघ कवाधरनं!" भर पावसात ती जड व्हायची, अर्ध्या वाटेत बसायची. त्या दिवसांत आई डोक्यावर घोंगडं घेऊन ओढ्यापर्यंत खाली उतरायची आणि तिथून द्यायची.

भाद्रपदात मेंढरं कातरायची. आधी ओढ्यात धुवायची. ओल्या लोकरीचा, चिखलाचा आणि कडुलिंबाच्या तेलाचा वास एकत्र होऊन अंगणात चांगले आठ दिवस मुक्कामाला असायचा. कातर चालायची, कर्र कर्र. लोकरीचे ढीग पायाशी, आणि त्यातून मेंढी उठून उभी राहायची ती निम्मी झालेली, पांढुरकी, परकी. कोकराला ती ओळखू यायची नाही. ते तिच्या जवळून पळत पुढं जायचं आणि दुसरीकडं हुंगायचं. मग ती ओरडायची. कोकरू जागच्या जागी वळायचं. आम्ही पोरं ते बघायला ओट्यावर ओळीनं बसायचो आणि प्रत्येक वेळी हसायचो.

हाळीत निरोप असायचा. चढ घाईचा असला तर पाहुणे. शेवटचे दोन तुकडे पडलेले असले तर आईचं डोकं दुखतंय. फार लांबली तर मी काहीतरी विसरले आहे आणि ते आता सगळ्या शिवाराला माहीत आहे. मी बांधावरून ओ द्यायचे आणि चालायला लागायचे. त्या वयात याला काही किंमत असते हे कुणाला कळत नाही. मला तर ती कटकट वाटायची.

मस्कतला आमचं घर रुवीत, चौथ्या मजल्यावर होतं. काचेच्या खिडक्या, वर्षातले बहुतेक महिने बंद. एसीचा आवाज इतका सारखा असायचा की तो थांबला की दचकायला व्हायचं. खाली रस्ता, रस्त्यापलीकडं उघडे तपकिरी डोंगर. संध्याकाळचं ऊन पडलं की ते डोंगर पुढं सरकल्यासारखे दिसायचे. हाळी दिली तर आदळून परत येईल, एवढे जवळ. तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. मीही बोलले नाही.

कचेरीत सगळे एकमेकांना मेसेज पाठवायचे. केरळचा मुख्य उपसंपादक माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायचा. मथळा बदलायचा असला तर तोही मेसेज पाठवायचा आणि मग पडद्याकडंच बघत राहायचा. माझं नाव सगळे नीट घ्यायचे, पासपोर्टवर आहे तसं, आडनावासकट. लिफ्टची घंटी, फोनची घंटी, मायक्रोवेव्हची घंटी. नऊ वर्षांत तिथं मला कुणी लांबून हाक मारली नाही.

संध्याकाळची अजान झाली की सुरुवातीच्या महिन्यांत माझी मान आपोआप वळायची. आवाज खालून चढायचा आणि लांबायचा. रस्त्यावरच्या माणसांच्या चालीत फरक पडायचा, दुकानदार शटर अर्धं ओढायचे. ज्यांना बोलावलं होतं ते निघत होते. मी काचेशी उभी राहून ते बघायचे. नंतर मान वळायची थांबली. बघणं थांबलं नाही.

एकदा बकरी ईदच्या आधी नवऱ्याला घेऊन मी जनावरांच्या बाजारात गेले. काही घ्यायचं नव्हतं. वास घ्यायचा होता. लेंड्या, वाळका चारा, अंगाची ऊब. नवऱ्यानं नाकाला रुमाल लावला. एका कुंपणाशी एक म्हातारा ओमानी टाळूवर जीभ आपटून शेळ्या बोलावत होता. एका आवाजाला एकच शेळी पुढं यायची, बाकीच्या रवंथ करत बसायच्या. दुसरा आवाज, दुसरी शेळी. मी तिथं बराच वेळ उभी राहिले.

"चल की आता," नवरा म्हणाला. "शेळीची मुलाखत घ्यायचीय का?"

त्या शेळ्यांकडं बघून मला जे वाटलं, त्याला मराठीत हेवा म्हणतात. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

तानाजीचं लग्न आम्ही मस्कतला गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात झालं. रजा मिळाली नाही, लग्न मी फोनवर बघितलं. मुलगी राहूची, दौंड तालुक्यातली. घरचं गुऱ्हाळ होतं. नाव लक्ष्मी. तिथं अडचण झाली, कारण माझ्या आजीचं, आईच्या सासूचंही नाव लक्ष्मीबाई. आजी जाऊन वर्षं झाली होती, पण सासूचं नाव ते सासूचं नाव. आई दिवाळीत लक्ष्मीपूजनाला 'सासूबाईंची पूजा' म्हणते. सगळं गाव हसतं, तरी ती तसंच म्हणते. आता त्याच नावाची सून घरात आली. नाव बदलून घ्यावं असं आत्यानं सुचवलं. लक्ष्मी म्हणाली, शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, बँकेत, सगळीकडं हेच हाय, माझं मला ऱ्हाऊ द्या.

"मग मी तुला हाक कशी मारू?" आईनं विचारलं.

"मारूच नका आत्याबाई. मी आपली येत जाईन."

हे मला पुढं कळलं. आधी कळली ती हाळी.

मस्कतचं ते तिसरं वर्ष होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. ती म्हशीबद्दल काहीतरी सांगत होती. मध्येच तिनं फोन तोंडापासून बाजूला केला आणि हाळी दिली. खालून चढली, लांबली, शेवटी दोन तुकडे.

मी ओ दिली. मोठ्यानं. बाहेरच्या खोलीतून नवरा धावत आला.

आणि मग फोनमधून, लांबून, ओढ्याच्या बाजूनं, एका बाईची ओ आली.

"आई, मला दिलीस?"

"तुला न्हाई गं, तिला. म्हैस सोडायची हाय."

"तिला म्हंजी कुणाला?"

"तिला म्हंजी तिला. तानाजीच्या बायकूला."

"पण ती माझी हाय."

पलीकडं एक कोंबडा आरवला. मग आई म्हणाली, "तुझी मोकळीच पडली व्हती की. सा म्हयनं 'ए, ए' म्हनत व्हते. 'ए' म्हनलं की शेरडू बी बघायचं आन् गडी बी बघायचा."

"दुसरी करायचीस."

"दुसरी काय दुकानात मिळती?"

तानाजीनं तिच्या हातातून फोन घेतला. तो हसत होता. "आक्के, हाळीचा सातबारा काढून ठिवू का तुझ्या नावावर? वारस म्हनून हिचं नाव लावतो, पेढं दे तलाठ्याला."

मी हसले. हसायला हवं होतं. त्यानंतर मी फोनची वेळ बदलली. मस्कतचं घड्याळ दीड तास मागं. निमोण्यात धारा काढायची वेळ झाली, लक्ष्मी रानात असण्याची वेळ झाली, की मी फोन करायचे. आई बोलता बोलता फोन बाजूला करायची आणि मी गप्प राहून ऐकायचे. आधी ती, मग लक्ष्मीची ओ. महिन्यामहिन्यानं ती ओ जवळून यायला लागली. लक्ष्मी आता वाट बघायची, हाळी पुरी व्हायच्या आत निघायची. मला हे सगळं ऐकू येत होतं आणि मी चौथ्या मजल्यावर भाजी परतत होते.

कधी कधी आई रागावलेली असायची. हाळीतच कळायचं. मी लहानपणीसारखी हातातलं काम तिथंच टाकायचे, आणि मग लक्षात यायचं की रागावणंही माझ्यावर नाही.

आप्पा मी तिकडं असतानाच गेले. मी पोहोचले तेव्हा सावडणं होऊन गेलं होतं. त्या दहा-बारा दिवसांत आईनं कुणालाच हाळी दिली नाही. मी ओट्यावर बसून राहायचे. परतायच्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा सुरुवात केली. दिली ती लक्ष्मीला, मला घेऊन जाणारी गाडी फाट्यावर आली आहे हे सांगायला.

परत आलो आणि दौंडला राहायला लागलो. दौंडचं घर स्टेशनापासून लांब नाही. दिवसभर कुणाला ना कुणाला बोलावणं चालू असतं, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. येणारी गाडी, उशिरानं धावणारी गाडी, प्लॅटफॉर्म बदललेली गाडी. पहिल्या आठवड्यात मला ते बरं वाटलं. चौफुल्यावरून न्हावऱ्याला आणि तिथून निमोण्याला जायला अर्धी सकाळ जाते, पण मस्कतच्या मानानं हे अंतर म्हणजे काहीच नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते.

पहिल्याच रविवारी ओढ्यावर चादरी धूत होते. घराच्या बाजूनं हाळी आली. इतकी वर्षं मी ती बहुतेक फोनच्या भोकातूनच ऐकली होती. उघड्यावर तिचा आकार वेगळा होता. ती अंगावरून गेली. मी ओल्या हातांनी उठले, पदर खोचला आणि चढाला लागले. मागून पावलं आली. लक्ष्मी होती, हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा.

"तुम्ही बसा वन्सं," ती म्हणाली. "मलाच हाय ती."

ती पुढं गेली. भाऱ्यातल्या गवताच्या काड्या वाटेवर पडत गेल्या.

त्या वर्षी मी बारकाईनं ऐकलं. शेवटचे दोन तुकडे आई आता जरा जवळ घेत होती, माझ्या वेळी असे नव्हते. चढाच्या मध्येच एक छोटं वळण आलं होतं, तेही नवीन. एकदा आम्ही दोघी वाफ्यात खुरपत असताना हाळी आली. मी म्हणाले, "पाव्हणं आलं वाटतं."

"न्हाई," लक्ष्मी म्हणाली. "दूध तापवायचं राहिलंय."

वर गेलो. दूध होतं.

मी आईला विचारलं. ती शेंगा फोडत बसली होती. "आप्पांची हाळी तू कुणाला दिली न्हाईस. माझीच कशी दिली?"

तिनं मान वर केली नाही. "मेलेल्या मानसाची दुसऱ्याला लावू नी. जित्याची चालती."

"म्हंजी मी जिती हाय म्हणून?"

"मग? हाईस की."

आतून लक्ष्मीच्या हसण्याचा आवाज आला. आईनं टरफलं सुपात घेतली आणि मला शेंगा पुढं केल्या. मी शेंगा खाल्ल्या.

लक्ष्मीबद्दल वाईट लिहावं असं काही नाही. हे नोंदवायला हवं. मी गेले की ती माझ्यासाठी राहूचा गूळ बांधून ठेवते. मस्कतहून आणलेलं सिंहाचं चित्र असलेलं जाड ब्लँकेट आईनं ट्रंकेत टाकलं होतं, ते तिनं काढून, ऊन दाखवून, आईच्या पायावर घालायला सुरुवात केली. ती फोन कायम घरात चार्जिंगला लावून रानात जाते. तानाजी चिडतो. ती म्हणते, मला फोन कशाला, आत्याबाई हायत की. मला तिच्याबद्दल तक्रार सापडत नाही आणि त्यामुळं जास्त त्रास होतो.

जानेवारीत आईला गिळताना अडकायला लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. गाठ आवाजाच्या नसेला लागून आहे, आवाज राहील, पण पूर्वीसारखं ओरडता येईल असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. परतताना शिरूर बायपासला तानाजी म्हणाला, "म्हंजी आता भांडनात आपला बी नंबर लागंल."

"भांडायला आवाज लागत न्हाई," आई म्हणाली.

मला एकच गोष्ट हवी होती. ती हाळी एकदा मला उद्देशून दिली जावी. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आई ओट्यावर होती. मी फोन तिच्यापुढं धरला.

"आई, माझी हाळी दे. रेकॉर्ड करून ठेवते."

"कुनाला देऊ?"

"मला."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तू तर हितं बसलीस. म्होरं बसलेल्या मानसाला हाळी देत्यात व्हय? येडी का काय."

"खोटी खोटी दे."

"खोटी निघत न्हाई ती. लांब जा. मग देते."

"किती लांब?"

"पयली जायचीस तेवढं. लई लांब नगं."

मी उतरले. वाफ्यात लक्ष्मी खुरपत होती, तिनं वर बघून मान हलवली. ओढा ओलांडून मी उसाच्या बांधावर जाऊन उभी राहिले. पूर्वी इथून सगळं मोकळं दिसायचं. आता पाठीमागं ऊस होता, हाळी येऊन त्यात बुडायची. ऊन कललं होतं. शेंड्यांवर पिवळं आणि खाली हिरवं-काळं. कुणाची तरी मोटार चालू होती. मी फोनवरचं लाल बटण दाबलं आणि पडद्याकडं बघत राहिले. सेकंद सरत होते. साळुंक्यांची एक टोळी बांधावर उतरली आणि उडाली.

हाळी आली.

पडद्यावरची रेघ उठली, चढली, लांबली. शेवटी दोन लहान टोकं. मी ती टोकं नीट उमटली का ते बघत होते. वाफ्यातून ओ आली. लक्ष्मी उभी राहिली होती. मग तिला मी दिसले. तिनं तोंडावर हात ठेवला.

"तोंडातनं गेली माझ्या," ती ओरडली. "जावा वन्सं. तुमची हाय आज."

ती वाफ्यात खाली बसली, माझ्याकडं पाठ करून. मी ओढा ओलांडला आणि चढ चढले. आई ओट्याच्या कडेला उभी होती, कपाळावर आडवा हात धरून. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं होती.

"ती कुठं हाय?" ती म्हणाली. "म्हशीनं दावं तोडलंया, मकंत शिरली बघ."

मी काही बोलायच्या आत लक्ष्मी मागून धावत आली आणि माझ्या बाजूनं मक्याकडं गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला म्हैस दिसली होती की आणखी काही ऐकू आलं होतं, ते मला माहीत नाही. ती हाळी माझ्यासाठी होती आणि म्हैस मध्ये आली, की ती पहिल्यापासून म्हशीसाठीच होती, हे मी आईला विचारलं नाही. त्यामुळं त्याला पुष्टी नाही. रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. त्यात आईची हाळी आहे आणि लक्ष्मीची ओ आहे. माझा आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेताना आईनं लक्ष्मीच्या हातात मंगळसूत्राची पुडी दिली. आप्पा गेल्यानंतरही ते तिनं कपाटात ठेवलं नव्हतं, कमरेच्या पिशवीत ठेवलं होतं. मला तिनं चष्मा दिला.

घरी आल्यावर आई ओट्यावर बसून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायला लागली. लक्ष्मी आतून येते, आई तिच्या कानाशी बोलते, आणि जे बाहेर सांगायचं ते लक्ष्मी सांगते. मार्चमध्ये एका दुपारी आईला तानाजी हवा होता. तो उसाला पाणी देत होता, फोन लागत नव्हता. लक्ष्मी ओट्याच्या कडेला गेली, पदर कानामागं घेतला आणि हाळी दिली. तीन तोकड्या. मी भिंतीला टेकून बसले होते, ताठ झाले. आवाज लक्ष्मीचा होता, बाकी सगळं आईचं होतं. कुठं दम घ्यायचा, कुठं सोडायचं, सगळं.

तानाजी मोटार बंद न करता चिखलाच्या पायांनी पळत आला. अंगणात येऊन आईच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मग बायकोकडं बघितलं. माठातलं पाणी प्यायला आणि परत गेला. आईला त्याला काय सांगायचं होतं ते तसंच राहिलं.

त्या आठवड्यात दौंडला गच्चीवर कपडे वाळत घालताना मी स्वतः एकदा प्रयत्न केला. सुरुवात बरी झाली. चढाला आवाज फाटला. खालच्या गल्लीतून एका बाईनं वर बघून विचारलं, "काय झालं ओ ताई, माकडं आलीत का?"

मी हो म्हणाले.

मागच्या रविवारी निमोण्याला कांदाकाढणी चालू होती. मजूर जेवून निघून गेले, तानाजी शिरूरला गेला होता. लक्ष्मी आईला अंघोळ घालायला घरी थांबली, म्हणून वाफ्यात मी एकटीच होते, काढलेल्या कांद्याची पात कापत. हाताला तो वास, मातीचा आणि कांद्याचा, नखांत हिरवं. वारा घोड नदीच्या अंगानं होता. ऊन उतरलं होतं.

घराच्या बाजूनं हाळी आली. लक्ष्मीचा आवाज. खालून सुरू झाली, चढली, लांबली, शेवटी दोन तुकडे. मी आजूबाजूला बघितलं. रानात दुसरं कुणी नव्हतं.

मी पात कापत राहिले.

हाळी पुन्हा आली. ओट्यावर दोघी दिसत होत्या, लक्ष्मी उभी, शेजारी आई बसलेली, गळ्याशी पांढरं फडकं. आईचा एक हात लक्ष्मीच्या कोपराला धरलेला होता.

मी ओ दिली.